खासगी

आमच्या घरात आतून कडी लावता येईल असे एकच दार आहे, ते न्हाणीचे. बाकीची दारे नावाला. शहापुरातली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. रस्त्याला लागून सोपा, त्याच्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडे. सगळ्या खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. परड्यात जायचे तर सगळ्या घरातून जावे लागते, आणि सोप्यात कुणी हळू बोलले तरी चुलीपाशी त्याचा अर्थ लागलेला असतो. कोणाचे पत्र आले, कोण का रडले, कोणाच्या डब्यात किती लाडू उरले, सगळ्यांना सगळे ठाऊक. मी वीस वर्षे या घरात वाढले, आणि ‘एकांत’ हा शब्द मला प्रथम मराठीच्या पाठ्यपुस्तकात भेटला.

आजी या घरात आली 1957 साली. तिचे माहेर बैलहोंगलकडच्या एका खेड्यात, पूर्ण कन्नड. आदल्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. आजीचे उलटे झाले, ती कन्नडातून मराठीत आली. दोन्ही गोष्टी होताना कुणी तिला विचारले नव्हते. पणजी चंदगडकडची, तिला कन्नडचे अक्षर कळत नसे, आणि सुनेने आपल्याला न कळणारे बोललेले तिला खपतही नसे. सहा महिन्यांत आजी मराठी शिकली. चांगली शिकली. आमची आरती, ओव्या, शेजारणीशी भांडण, सगळे ती मराठीतच करी. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या जुन्या बायकांच्या बोलण्यात एक संस्थानी ठसका असायचा. तोही तिने उचलला होता. तिच्या मराठीत कन्नडचा हेल शोधायचा तर ती फार रागावलेली असावी लागे.

पुढे तिची धाकटी बहीण शहापुरातच दिली, आमच्यापासून चार गल्ल्यांवर. बाबा तिला चिक्कव्वा म्हणत, म्हणून आम्हीही चिक्कव्वाच म्हणायचो. दुपारी दोन वाजले, पुरुषमाणसे बाहेर पडली, शेजारचे माग सुरू झाले की चिक्कव्वा यायची. मराठीत माग, कन्नडात मग्ग. शब्द जवळजवळ एकच, आवाज तर एकच. त्या खटक्यांच्या आडोशाला दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसत, समोर तांदळाचे सूप, आणि कन्नडात बोलत. कधी हसत, कधी बराच वेळ गप्प राहत. आई कोल्हापूरची. ती जवळूनच ये-जा करी, पण तिला त्यातले ‘हौद’ आणि ‘इल्ल’ यापलीकडे काही समजत नसे. आजोबा आणि बाबा यांना बाजारापुरते कन्नड चांगले येई, पण ते दुपारी घरात नसत. आता वाटते, सगळ्या घरात आजीची एकच खोली होती. तिला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, आणि ती रोज दुपारी दोन तास उघडायची.

त्या खोलीत मी शिरले. शाळेने किल्ली दिली म्हणा. आमच्याकडच्या मराठी शाळांत कन्नड शिकावेच लागते. सुरुवातीला सगळ्या मुलींसारखी मीही कुरकुर केली, पण पाचवीनंतर मला ती भाषा आवडू लागली. बाई चांगल्या होत्या हे एक कारण. दुसरे असे की, जे शब्द मी घरात ऐकून सोडून दिले होते ते एकेक करून पुस्तकात सापडू लागले. एक गंमत मला तेव्हा फार आवडली होती. आपल्याकडे किल्ली म्हणजे कुलूप उघडायची. आजीच्या कन्नडात ‘कीली’ म्हणजे खुद्द कुलूप, आणि किल्लीला म्हणायचे ‘कीलीकै’, म्हणजे कुलपाचा हात. मी हे आजीला मात्र सांगितले नाही. तिच्या बोलण्यातले मला किती कळते हे सांगितले असते तर मौज संपली असती. मी माजघरात गृहपाठाची वही उघडून बसायची आणि कान मागच्या पायरीकडे. घरच्यांना वाटे, पोरगी अभ्यासाला फार बसते.

2017 चा श्रावण. एका दुपारी आजी चिक्कव्वाला सांगत होती की तिने आपल्या बुगड्या गहाण टाकल्या. बुगडी हा दागिना दोन्ही भाषांत सारखाच, कानाच्या वरच्या पाळीत घालायचा. आजीच्या लग्नातल्या होत्या. तिच्या भावाच्या मागे त्याची बायको आणि एक मुलगी; त्या मुलीला नर्सिंगला जायचे होते आणि फी भरायला पैसे नव्हते. शेवटी आजी म्हणाली, “यारिगू हेळब्याड.” कुणाला सांगू नकोस. हे वाक्य मला व्याकरणासकट कळले आणि, खरे सांगायचे तर, आनंदच झाला.

त्या वर्षी गणपती 25 ऑगस्टला होते. दोन्ही आत्या आल्या होत्या, पुण्याचे काका आले होते. दुसऱ्या दिवशी रात्री सगळी पंगत एकत्र बसली. ऋषिपंचमीमुळे बायकांची पंगत वेगळी आणि त्यांच्या जेवणावरून काकांची थट्टा चाललेली. मोठ्या आत्याने सहज विचारले, “आई, बुगड्या कुठं गेल्या गे तुझ्या?”

आजी म्हणाली, “फिरकी सैल झाली होती, सोनाराकडं दिल्यात.”

मी त्याच आठवड्यात कन्नडच्या चाचणीत वर्गात पहिली आले होते. ते अजून कुणाला नीट सांगून झाले नव्हते. सांगायला ही संधी बरी असे वाटले असावे. मी म्हणाले, “आजी खोटं बोलतेय. तिनं त्या गहाण ठेवल्यात, मामांच्या मुलीच्या फीला. मला सगळं कन्नड कळतं.” आणि आजीचे ते वाक्य मी तिच्याच हेलात म्हणून दाखवले.

कुणी हसले नाही. आजोबांचा हात भातात थांबला होता. ते थोड्या वेळाने म्हणाले, “ताक वाढा.” बस्स, एवढेच. पण आत्यांनी विषय सोडला नाही. पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात तोच एक विषय होता. माहेरी आणखी काय काय गेले, कधीपासून जाते, आम्हाला कधी असे दिले का. आजी उत्तर देत नव्हती. ती मोदकांचे सारण परतत होती, आणि ते थोडे लागले.

तिने मला रागे भरले असते तर मी विसरूनही गेले असते. ती काहीच बोलली नाही. चिक्कव्वा आठवडाभर आली नाही. मग पुन्हा येऊ लागली, पण मी शाळेतून आले की दोघी मराठीत बोलू लागायच्या. पावसाबद्दल, तांदळाच्या भावाबद्दल. दोन सख्ख्या बहिणी परक्यासारख्या मराठीत बोलत असलेल्या मी ऐकल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

याचा दुसरा भाग मला चार-पाच वर्षांनी कळला, आणि तो वाणिज्य शाखेमुळे कळला. आजोबा खडेबाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात दिवाणजी होते. दुकानाची रोजकीर्द लिहून हात भागत नसे म्हणून की काय, घराचा जमाखर्चही ते रोज रात्री लिहीत. 1971 पासूनच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या माळ्यावर ओळीने होत्या. 2019 साली ते गेले. मी कॉमर्स घेतल्यावर बाबा म्हणाले, तुझ्याशिवाय हे कोण वाचणार, बघ काय ठेवायचे, काय रद्दीला द्यायचे.

मी मे महिन्याच्या सुट्टीत त्या वह्या वाचल्या. आजोबांचा हिशेब असा की कोथिंबीर दहा पैसे, सुई पाच पैसे, देवळात चार आणे, असे सगळे ज्याच्या त्याच्या नावाने. एकदा बाबांनी शाळेत असताना पेन्सिल हरवली, तर ‘पेन्सिल, दुसरी’ असे लिहिलेले आहे, त्यातल्या ‘दुसरी’खाली रेघ. मात्र प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ येई, ‘सौ. कडे, खासगी’. 1971 मध्ये पाच रुपये. 1988 मध्ये चाळीस. 2017 मध्ये तीनशे. त्यापुढे तपशील काही नाही. पाच पैशांच्या सुईचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने शेहेचाळीस वर्षे या एका ओळीपुढे रकाना कोरा सोडला होता.

आम्हाला जमाखर्चात ड्रॉइंग्ज शिकवतात, जुन्या मराठी पुस्तकांत त्याला ‘उचल’ म्हणत. मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेली रक्कम. ती किती, एवढेच वहीत लिहायचे. त्याने तिचे काय केले, हे विचारायचा वहीला अधिकार नसतो. ‘खासगी’ हा शब्दही मुळात हिशेबातलाच वाटतो. संस्थानांत राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या वेगळ्या खात्याला खासगी म्हणत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती बरीचशी या खासगीतून. कन्नडातही शब्द हाच आहे, खासगी. म्हणजे आजीला आणि आजोबांना या एका गोष्टीसाठी भाषांतराची गरज नव्हती.

मी 2017 ची वही उघडली. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ‘सौ. कडे, खासगी, 300’. सप्टेंबरच्या मध्यावर एक ओळ, ‘सोनार, बुगडी सोडविली, मुद्दल 6,500, व्याज वेगळे’. ते मला माहीत होते. आजोबांनी एके सकाळी बुगड्यांची डबी देवघरात आणून ठेवली होती, न बोलता. आजीने ती ट्रंकेत टाकली. तिने बुगड्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. पण ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला ‘खासगी’ नव्हते. त्याच्या जागी आजोबांच्याच अक्षरात लिहिले होते, ‘सौ. यांनी दिलेल्या हिशेबाप्रमाणे: कापूर 20, बांगड्या 60, रिक्षा 40, बहिणीकडे फळे 80’. खाली बाकी मांडलेली. नोव्हेंबरमध्ये तसेच. डिसेंबरमध्ये तसेच. 2019 साली हस्ताक्षर थरथरू लागेपर्यंत दर महिन्याला तसेच. तिनेच हिशेब द्यायला सुरुवात केली असणार. आजोबांनी मागितला असेल असे मला वाटत नाही; मागायचा असता तर 1971 मध्येच मागितला असता. त्यांनी बुगड्या सोडवल्या, आणि सोडवलेल्या दागिन्याचे ओझे तिने असे फेडले असावे. मला एवढेच कळले की माझ्या एका वाक्याने शेहेचाळीस वर्षांची ती कोरी जागा भरून गेली होती.

व्यापारी कायद्याच्या तासाला सरांनी एकदा विषयाबाहेर जाऊन खाजगीपणाच्या हक्काचा निकाल सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने दिलेला. अर्ज करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, म्हणून सरांना जरा अभिमान. निकालाची तारीख त्यांनी फळ्यावर लिहिली, 24 ऑगस्ट 2017. मी वहीत उतरवून घेतली आणि मग ती तारीख बघत राहिले. गणपतीचा आदला दिवस. देशाला हक्क मिळाल्यावर दोनच दिवसांनी मी आमच्या पंगतीत बसून आजीचा काढून घेतला. शेजारच्या मैत्रिणीला वाटले मला झोप येतेय.

आता माझी बाजू. माझ्याकडे मोबाईल आहे आणि त्याला कुलूप आहे. दोन वर्षांपूर्वी भावाने ते उघडायचा प्रयत्न केला तेव्हा मी घर डोक्यावर घेतले. आई म्हणाली, “एवढं काय आहे त्यात लपवण्यासारखं?” खरे तर काहीच नव्हते. लपवण्यासारखे काही असावे लागते असे का धरून चालतात कुणास ठाऊक. त्यावेळी माजघरातून आजी म्हणाली, “असूदे गे. तिचं तिला.” हे ती मला म्हणाली! मी फोन घेऊन परड्यात गेले आणि बराच वेळ तिथेच बसले.

चिक्कव्वा 2021 च्या मे महिन्यात गेली. शेवटी भेटताही आले नाही. त्या सगळ्या धावपळीत आजीच्या भावाची ती मुलगी, आता नर्स झालेली, रोज फोन करून विचारपूस करी. एवढे नोंदवायला हवे. चिक्कव्वा गेल्यावर आजी कन्नड बोलायचीच थांबली. मी एकदोनदा कन्नडात काही विचारले तर ती मराठीत उत्तर देई. तेही मला बरोबरच वाटे.

गेल्या दीड वर्षापासून आजीला विस्मरण होऊ लागले आहे. प्रथम वारांची नावे गेली, मग नातवंडांची. मग मराठी जाऊ लागली. अशा आजारात पुष्कळ माणसे लहानपणीच्या भाषेकडे परततात, असे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी दिवे लागले की ती कन्नडातच असते. बैलहोंगलकडचे, माझ्या पुस्तकात नसलेले कन्नड. आईला काही कळत नाही आणि तिला त्याचा त्रास होतो. अडतीस वर्षे ती या घरात नसली तरी पंचवीस वर्षे आहे, आणि ज्या सासूची ती सगळी सेवा करते ती तिच्याशी एक शब्द बोलत नाही. बाबांना कळते. पण आजी बोलू लागली की ते उठून सोप्यात जातात. मला ते फार निर्दय वाटायचे. एकदा मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, “ती माझ्याशी बोलत नाहीय गे.” आणि वर्तमानपत्र उघडले.

ती माझ्याशी बोलते. मला ती ‘तंगी’ म्हणते. तंगी म्हणजे धाकटी बहीण. पण तिकडे कुठल्याही लहान मुलीला प्रेमाने तंगी म्हणतातच. तेव्हा ती मला नात समजून हाक मारते की चिक्कव्वा समजून, हे मी ठरवू शकलेले नाही. विचारायचे धाडस झाले नाही. ‘मी चिक्कव्वा नाही’ असे सांगणे माझे कर्तव्य आहे का? एकदा सांगितले होते. ती घाबरली, खोलीभर पाहू लागली. पुन्हा सांगितले नाही. म्हणजे पुन्हा मी त्याच जागी आहे, वही पुढ्यात आणि कान मागच्या पायरीकडे. फरक इतकाच की आता ती माझा हात धरून बोलते.

ती काय बोलते ते मी इथे लिहिणार नाही. बुगड्यांचे लिहिले, कारण ते मीच आठ वर्षांपूर्वी पंगतीत वाढून टाकले आहे आणि आमच्या नात्यात आता कुणाला नवे नाही. लेख लिहिण्यापूर्वी मी आजीला विचारलेही. ती म्हणाली, “ऊटा आद म्याल बरी.” जेवण झाल्यावर लिही. याला परवानगी म्हणता येत नाही, हे मला कळते. कन्नड विभागाच्या सरांनी विचारले, हे तू कन्नडातही लिहू शकशील, आमच्या विभागाला का देत नाहीस? मी हसून वेळ मारून नेली. आजीच्या माहेरची दोन मुले याच कॉलेजात आहेत. शिवाय तिचे बोलणे तिच्या भाषेत छापून यावे हे मला नको वाटले. मराठीत ते निदान थोडे झाकलेले राहील.

वह्या रद्दीला दिल्या नाहीत. 2017 ची वही मी वेगळी काढून ट्रंकेत, त्या डबीच्या खाली ठेवली आहे. बाबांनी ते पाहिले आणि काही विचारले नाही.

परवा संध्याकाळी आजी बराच वेळ बोलली. शेजारचे माग आता बंद झाले आहेत, त्यामुळे तिचा आवाज घरभर ऐकू येतो. पणजीबद्दल होते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल होते, आणि ते आजोबांनाही माहीत नसावे. शेवटी तिने माझी बोटे घट्ट धरली आणि म्हणाली, “यारिगू हेळब्याड, तंगी.”

आईने स्वयंपाकघरातून विचारले, “काय म्हणूलीया गे ती एवढं?”

मी म्हणाले, “पाणी मागतेय.”

आई लगेच तांब्याभांडे घेऊन आली. आजीने माझ्याकडे पाहिले, मग भांडे दोन्ही हातांत घेतले आणि सगळे पाणी प्याली.